कमी पॉवरचा उजेड

वैशाख येतो तेव्हा आमच्या अंबरनाथला तो आधी नळाला कळतो. बारवी धरणाचं पाणी खाली जातं, आठवड्यातला एक दिवस पुरवठा बंद होतो, आणि जिन्यात, गॅलरीत, मोरीच्या तोंडाशी निळी पिंपं येऊन उभी राहतात. दुपारी चारच्या सुमाराला एमआयडीसीकडून आंबूस वास येतो. तो तसा बारा महिने येतो, पण वैशाखात वारा नसल्यामुळे आला की बसूनच राहतो. मग विहाराच्या भिंतींना पांढरा रंग लागतो. पंचरंगी झेंड्यांच्या माळा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. बुद्धपौर्णिमा जवळ आली हे कळायला आम्हाला कॅलेंडर लागत नाही.

या वर्षीही सगळं त्याच क्रमाने आलं. माळा लागल्या त्या संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. त्या बघून माझ्या आत काहीतरी होईल असं मला वाटत होतं. काही झालं नाही. मी पिंपावरचं झाकण नीट केलं आणि आत गेले.

गेल्या बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीत विलासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या डोळ्यात लेझर गेला. त्याचा डोळा गेला असं लोक म्हणतात, ते खरं नाही. डोळा आहे. त्या डोळ्याला कडेकडेने दिसतं. मधोमध मात्र एक डाग आहे, आणि आपण ज्याच्याकडे बघतो ते नेमकं मधोमधच असतं. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की तो लेझर त्या बाजूला फिरवायला मी सांगितलं होतं.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. विलासलाही नाही.

माळा लागल्या त्याच आठवड्यात कांबळे काका घरी आले. ते विहार समितीचे सचिव. पोस्टातून रिटायर झाले तरी बोलणं अजून खिडकीच्या आतून बोलल्यासारखं, मुद्द्याचं. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "सुनंदाताई, मिरवणुकीत लाइट पाहिजेच असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पण भाड्याचा मोठा लेझर नको, हे मिटिंगमध्ये ठरलं. आपला स्वतःचा घेऊ. छोटा, कमी पॉवरचा, विहाराला परवडेल असा. आणि तो तुम्ही निवडायचा."

"मी कशाला?" मी म्हटलं.

"तुम्ही सायन्सवाल्या. आणि दुसरं म्हणजे..." त्यांनी विलासकडे बघितलं. "तुमच्या घरात झालंय. तुम्ही निवडलेल्यावर कोण बोट ठेवणार नाही."

विलास समोरच काकडी चिरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "घे ना. तुला कळतं त्यातलं."

सायन्सवाली म्हणजे मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, बावीस वर्षं. चंचुपात्रं धुते, ब्युरेट भरते, फुटलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवते. प्रकाशाचा धडा आला की कपाटातून लेझर पॉइंटर काढून देते, आणि बटण दाबण्याआधी वर्गाला सांगते की हा कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. हे वाक्य मला इतकं पाठ आहे की दुसरा विचार करत असतानाही ते माझ्या तोंडून बरोबर बाहेर पडतं. इतकी वर्षं हे सांगणाऱ्या बाईने त्या संध्याकाळी काय केलं ते आता सांगते.

गेल्या वर्षीचा वैशाख माझ्याकडे तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे, आणि गंमत अशी की त्यातले बरेच तुकडे चांगले आहेत. बदलापूर गावातल्या एका लग्नात उन्हात जेवायला बसलो होतो आणि केळीच्या पानावरचं वरण पळत होतं. विलास पानाची कड हाताने अडवून हसत होता. घरी पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा वास दोन दिवस भांड्यांना येत होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पांढरी साडी खळीत बुडवली, ती वाळून पापडासारखी उभी राहिली. पौर्णिमेला सकाळपासून आम्ही बायका विहारात खीर आटवत होतो. मोठ्या पातेल्यात दूध तळाला लागू नये म्हणून पाळीपाळीने ढवळायचं. माझी पाळी आली तेव्हा हाताला चटका बसला. मला त्या चटक्याची जागा आठवते, मनगटाच्या आतल्या बाजूला, पण दुखल्याचं आठवत नाही.

विलास आणि मी एकाच गल्लीत वाढलो. म्हणून मी त्याला पहिल्यापासून विलास म्हणते, अरे-तुरे करते, आणि त्याच्या आईला ते शेवटपर्यंत खटकलं. ती माझ्यासमोर शेजारणीला सांगायची, "आमची सून शिकलेली आहे, नवऱ्याला हाक मारते." मिरवणुकीतही आमच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. मी गाडीच्या बाजूने चालायची. विलास गाडीच्या पुढे, बांबू घेऊन.

बांबूचं काम बाहेरच्याला कळणार नाही म्हणून सांगते. आमच्या गल्लीत डोक्यावर तारांचं जाळं आहे. केबलच्या, इंटरनेटच्या, कुणी या घरातून त्या घरात ओढलेल्या. टेम्पोवर मूर्ती उभी केली की ती या तारांना लागते. म्हणून एक माणूस टोकाला आडवी काठी बांधलेला लांब बांबू घेऊन पुढे चालतो आणि तार आली की ती वर उचलून धरतो. गाडी खालून जाते. हे काम करणाऱ्याला गाडीकडे तोंड करून उलटं चालावं लागतं, आणि नजर सतत वर ठेवावी लागते. विलास हे सतराव्या वर्षापासून करत आला. त्याच्या हातून मूर्तीला तार कधी शिवली नाही, याचा त्याला अभिमान होता. तो बोलून दाखवायचा नाही, पण मिरवणूक संपल्यावर बांबू पुसून ठेवायचा त्यावरून कळायचं.

त्या वर्षी पहिल्यांदाच लेझर आला. समितीने उल्हासनगरहून एक लाइटवाला ठरवला होता. चाळिशीचा, शांत माणूस, कानावर पेन्सिल. त्याने टेम्पोच्या केबिनवर लोखंडी पाइप उभा करून त्यावर मशीन बसवलं होतं. मशीनचं तोंड मागे, मूर्तीच्या डोक्यावरून पलीकडच्या इमारतींकडे. हिरव्या रेषा भिंतींवर चढायच्या, उतरायच्या. लहान मुलं त्या पकडायला धावत होती. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

विहारापासून तिसऱ्या खांबाशी एक तार फार खाली आली होती. टेम्पो थांबला. विलास तार उचलत होता, तेवढ्यात कुणीतरी गाणं बंद केलं. मी केबिनच्या शेजारी होते. वर बघितलं तर मशीन जरा कललं होतं, आणि हिरवी रेष मूर्तीच्या चेहऱ्यावरून जात होती. कपाळ, डोळे, पुन्हा कपाळ. मला ते बघवलं नाही. मी लाइटवाल्याला म्हटलं, "ओ दादा, जरा फिरवा ना तो. मूर्तीच्या डोळ्यांत जातोय."

त्याने मान डोलावली आणि मशीन पाइपवर गोल फिरवलं. तोंड पुढे आलं.

आम्ही देव मानत नाही. बुद्ध माणूस होते, शिकवण महत्त्वाची, मूर्ती म्हणजे फक्त आठवण, हे मी स्वतः विहारात पोरांना सांगितलेलं आहे. पण आमच्या आईने लहानपणी फोटो पुसायला दिला की बजावलेलं असायचं, आधी हात धू, फोटोला पाठ करू नको, बॅटरीचा उजेड तोंडावर मारू नको. फोटो आईने ज्या रीतीने पुसला त्याच रीतीने मी पुसत आले. ती मूर्ती फायबरची होती. तिचे डोळे तसेही अर्धे मिटलेले होते. आणि पुढे दहा-बारा फुटांवर माझा नवरा उघड्या डोळ्यांनी वर बघत उभा होता. मी मूर्तीच्या डोळ्यांची काळजी केली. आमच्यातल्या दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं असं मी स्वतःला वर्षभर सांगत आले, आणि त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

विलास ओरडला नाही. त्याने एकदा डोळे मिचकावले, बांबू तसाच धरून ठेवला, तार उचललेलीच राहिली, टेम्पो पुढे गेला. मिरवणूक संपली. आम्ही खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेपर घेऊन बसला आणि म्हणाला, "सुनंदा, पेपरला डाग पडलाय का गं?" मी पेपर बघितला. डाग नव्हता. त्याने एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. मग पेपर घडी करून बाजूला ठेवला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, समजुतीच्या होत्या. मशीनवर आतला फोटो काढून त्यांनी आम्हाला दाखवला. नारिंगी गोल, आणि मध्ये फिकट ठिपका. विलासने विचारलं, "पण दुखलं कसं नाही?" त्या म्हणाल्या, "पडद्याला दुखत नाही. जळला तरी कळत नाही." मग त्यांनी सांगितलं की डाग थोडा लहान होईल कदाचित, जाणार नाही. मी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्याला दिली. मला रडू येईल म्हणून मी तयारीत होते, रुमाल हातात होता. तो कोरडाच घरी आला.

विलास एका कंपनीत टर्नर. लेथवर काम, व्हर्नियरवरची बारीक रेघ वाचायचं काम. दोन महिन्यांनी त्यांनी त्याला स्टोअरला बसवलं. वाईट वागले नाहीत. तो आता नट-बोल्टांची पाकिटं देतो-घेतो. सुरुवातीला त्याला अंतर कळायचं नाही, चहा कपाच्या बाहेर ओतायचा. मग त्याने गाळणीची दांडी कपाला टेकवून ओतायची युक्ती काढली. आता एक थेंब सांडत नाही.

समितीची मिटिंग झाली. लाइटवाल्याच्या निष्काळजीपणामुळे, असं कांबळे काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं. त्या माणसाला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाजूने कोणीतरी बाई बोलली फिरवा." कोण बाई, ते त्याला सांगता आलं नाही. आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्यांत होतो. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझा हात वर गेला नाही. त्या माणसाला आमच्याकडचंच नाही, आजूबाजूच्या दोन विहारांचंही काम बंद झालं असं नंतर ऐकलं. ऐकून मी भाजी निवडत राहिले. मेथी होती.

लोक म्हणतात, अपराधी वाटलं की झोप लागत नाही. मला उत्तम झोप लागत होती. जेवण जात होतं. शाळेत नवीन पट्टेवाला आला त्याला मी दोन दिवसांत सगळं शिकवलं. फक्त हसायची वेळ आली की मला थोडं उशिरा कळायचं, आणि विलास काही सांगत असला की मी त्याच्या बोलण्याऐवजी मागच्या भिंतीकडे बघायची. एखाद्या खोलीत सामान झाकून ठेवतात तसं काहीतरी. मोडलेलं नाही, वापरात नाही.

तर या वर्षी लेझर निवडायला मी उल्हासनगरला गेले. एकटीच. लाइटच्या दुकानांची ती गल्ली दुपारीही अंधारी असते, कारण पुढे छपरं ओढलेली, आणि आत सगळं एकदम लागलेलं. फिरणारे गोळे, पट्ट्या, माळा. दुकानदार शेठ सिंधी, सत्तरीकडे झुकलेले, काचेच्या छोट्या ग्लासातून चहा पीत बसलेले.

"बोलो मॅडम. शादी के लिए?"

"मिरवणुकीसाठी. लेझर. पण कमी पॉवरचा पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. "मिरवणूक आणि कमी पॉवर? सगळे लोक येतात, बोलतात शेठ, इससे जास्त दाखव. तुम्ही पहिल्या आल्या कमी दाखव बोलणाऱ्या."

तरी त्यांनी आधी मोठाच काढला. काळा, जड, पुढे चार खिडक्या. आत बारीक आरसे हलतात आणि एकच किरण इतक्या वेगाने फिरतो की भिंतीवर घोडा दिसतो, नाव दिसतं. मी विचारलं, "आरसा अडकला तर?"

"नहीं अटकता मॅडम. गॅरंटी."

"पण अडकलाच तर?"

शेठ विचारात पडले. प्रामाणिक माणूस. "तो फिर एक जगह पे खडा रहेगा."

म्हणजे सगळा जोर एका ठिकाणी. तो मी बाजूला ठेवायला सांगितला. दुसरा छोटा होता, स्वस्त होता, दिसायला बिचारा. त्याच्या डब्यावर पाच मिलीवॅट लिहिलं होतं आणि मशीनच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर पन्नास. मी दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

"स्टिकर है ना मॅडम. वहाँ से जो चिपका के भेजते हैं, वो हम बेचते हैं."

तोही राहिला. तिसरा त्यांनी मागच्या फळीवरून काढला, धूळ फुंकून. बंगल्याच्या भिंतीवर ठिपके पाडायला लोक बागेत लावतात तसला. त्याच्या तोंडाशी एक काच असते, ती किरणाचे शेकडो तुकडे करते, आणि मोटर ती काच नुसती हळूहळू फिरवते. मी म्हटलं, मोटर बंद करून दाखवा.

"सब लोग चालू करून बघतात," शेठ म्हणाले, "तुम्ही बंद करून." पण त्यांनी मोटर बंद केली. ठिपके होते तिथेच थांबले, दुकानाच्या भिंतीवर, कपाटावर, शेठच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर. कुठेही गोळा झाले नाहीत. मी पर्समधून शाळेचा पॉइंटर काढला, खाली करून भिंतीवर एक ठिपका पाडला आणि दोन्ही शेजारी शेजारी बघितले. मशीनचे ठिपके फिके होते. याला मोजमाप म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण आमच्या शाळेत मोजायचं यंत्र नाही, आणि डोळ्यांना एवढंच ठरवता येतं.

शेठ माझ्या हातातल्या पॉइंटरकडे बघत होते. "किसी को कुछ हुआ है क्या?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या मिस्टरांना."

त्यांनी मोठ्या मशीनची पिन बोर्डातून काढून टाकली. दुकान थोडं शांत झालं. मला त्या क्षणी वाटलं की पुढचंही यांना सांगावं. अनोळखी म्हातारा, पुन्हा भेटायचा नाही. वाक्य अगदी ओठांशी आलं होतं. मी त्यांना बिल करायला सांगितलं.

बिल करता करता ते म्हणाले, "हाच न्या. आणि हा पण माणसांवर नका मारू. दिवार पे, ऊपर. कमी है, पर है तो लेझर ही."

परतीच्या रिक्षात डबा मांडीवर होता आणि मला काजवे आठवले. लग्न झालं त्या वर्षी विलासच्या कंपनीतल्या एका मित्राने आम्हाला बारवी धरणाकडच्या त्यांच्या पाड्यावर नेलं होतं. वैशाख सरत आला होता. संध्याकाळी त्यांच्या खळ्यात बसलो होतो. समोरच्या झाडावर पाच-सहा काजवे लागत-विझत होते आणि आम्ही दोघं शहरातली माणसं तेवढ्यानेच हरखून गेलो. मित्राची आई हसली. म्हणाली, "हे काय बघता. पाऊस तोंडाशी आला का मग या, झाड दिसायचा नाय." आम्ही पुढच्या वर्षी येऊ म्हणालो, आणि गेलो नाही. आता पाड्याच्या अलीकडे पालेगावापर्यंत इमारतीच इमारती झाल्या आहेत. रिक्षा त्यांच्यामधूनच घरी आली.

विलासने डबा उघडला. मशीन हातात घेऊन डाव्या डोळ्याजवळ नेलं, स्क्रू बघितले, बुडाचं भोक बघितलं. त्याच्या हाताला काम मिळालं की त्याचा चेहरा बदलतो, तो तसा मी बऱ्याच महिन्यांनी बघितला. "याला स्टँड मी करतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या जुन्या सोबत्याच्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, सोबत्याला माप वाचायला बसवून त्याने स्टँड करून आणला. गुळगुळीत, काळा, कडा मारलेल्या. माझ्या मनात आलं की हा सुंदर झालाय. तसं मी म्हटलं नाही.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, दिवस मावळल्यावर, विहाराच्या भिंतीवर मशीन लावून बघायचं ठरलं. कांबळे काका आले. विलासने स्टँड पायरीवर ठेवला, मशीन बसवलं, तोंड वर भिंतीकडे. बटण दाबलं. नव्या पांढऱ्या रंगावर हिरवे ठिपके आले आणि हळूहळू सरकू लागले.

काका हाताची घडी घालून बघत राहिले. "जरा फिका नाही वाटत?"

"फिकाच पाहिजे," मी म्हटलं.

"बरोबर आहे. बरोबर आहे." ते स्वतःलाच म्हणाले. "छान आहे. शांत आहे. बुद्धपौर्णिमेला शोभतो." मग ते झेंड्यांच्या माळांचं काहीतरी बघायला गल्लीच्या टोकाला गेले. आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी त्याच्या उजव्या हाताला.

विलासने मशीनवर हात ठेवून ते वळवून दाखवलं. ते बोटभरही वळलं नाही. "इथे पिन टाकलीय," तो म्हणाला. "वर होतो, खाली होत नाही. बाजूला तर नाहीच. आता कुणी फिरवा म्हटलं तरी फिरणार नाही."

मी त्या पिनेकडे बघत राहिले. इतकी बारीक पिन, आणि त्याने ती नेमक्या जागी टाकली होती. मला वाटलं की मी आता बोलले नाही तर यापुढे कधीच बोलणार नाही, आणि आम्ही असेच म्हातारे होऊ.

"विलास," मी म्हटलं, "त्या दिवशी फिरवा म्हणून मी सांगितलं. त्या लाइटवाल्याने मनाने नाही फिरवला. मूर्तीच्या डोळ्यांत जातोय असं मीच म्हटलं."

तो भिंतीकडेच बघत होता.

"माहितीय," तो म्हणाला. "ऐकलं मी. गाणं बंद होतं ना तेव्हा."

माझे हात मांडीवर होते. ते मी उचलून दुसरीकडे ठेवले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. "मग बोलला का नाहीस?"

"आधी वाटलं, तू सांगशील. डॉक्टरकडे जाताना रिक्षात सांगशील. मग वाटलं, घरी गेल्यावर सांगशील. मग मिटिंगला वाटलं, आता उठेल. मग दिवाळी आली." त्याने पायरीवरचा रंगाचा एक वाळलेला थेंब नखाने काढला. "मग सोडून दिलं."

"राग आला?"

"फिरवा म्हटलं त्याचा नाही. मी तिथे असतो तर मी पण तेच बोललो असतो. पण एवढं सगळं मी एकट्याने काढलं, सुनंदा. घरात तू होतीस पण, आणि नव्हतीस पण. त्याचा आला."

मी वर्षभर जे सांभाळत होते ते सांभाळायला शिल्लकच नव्हतं. मला काही वाटत नाही, हे मी फक्त माझं दुखणं समजत होते. एका छपराखाली तो ते रोज बघत होता, ताटावर, गाळणीशी, स्टोअरमधून घरी आल्यावर. त्याला डोळ्याचा डाग मिळाला होता आणि वरून मी. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटतंय हे मला वाटत असतानाच कळलं, उशिरा नाही.

"काकांना उद्या सांगते," मी म्हटलं. "रजिस्टरमध्ये दुरुस्त करायला सांगते. आणि त्या लाइटवाल्याला शोधून काढते. त्याच्या घरी जाते."

"जा. मी पण येतो."

माझा आवाज फुटला असावा, कारण त्याने मान माझ्या बाजूला वळवली, जरा जास्तच वळवली, आणि मग पुन्हा सरळ केली.

"इकडे ये," तो म्हणाला. "या बाजूला बस. तिकडून तुझं तोंड दिसत नाही मला."

लग्न झाल्यापासून मी त्याच्या उजव्या हाताला बसते. रिक्षात, जेवताना, विहारात, पलंगावर. गेलं वर्षभरसुद्धा तिथेच बसत होते, आणि त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.

मी उठले, त्याच्या पुढून पलीकडे गेले आणि डावीकडे बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक लाल झालं असणार. पदर तोंडाशी न्यावासा वाटला. नेला नाही. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मी त्याला बघू दिलं.